ईथरची बाटली आणि शेजारचा बर्नर

केमिस्ट्री लॅबच्या दारात आपल्याला एकच प्रश्न हमखास विचारला जातो, ‘एप्रन कुठाय?’ नसेल तर बाहेर, असेल तर आत. तो एप्रन कॉटनचा आहे की टेरिकॉटचा, त्याची बटणं लावलीत का, आत पॉलिस्टरचा स्वेटशर्ट आहे का, पायात चप्पल आहे का, याची विचारपूस सहसा होत नाही. मग एप्रन म्हणजे आयकार्डासारखी दाखवायची वस्तू होते. वर्षभर न धुतलेला, खिशावर मैत्रिणीचं नाव लिहिलेला, प्रॅक्टिकल नसलेल्या बॅचकडून पाच मिनिटांपूर्वी उसना घेतलेला.

सेफ्टी हा आपल्याकडे शिस्तीचा विषय झालाय. वास्तविक तो केमिस्ट्रीचाच विषय आहे, आणि भलताच इंटरेस्टिंग. ज्या बाटल्या आपण रोज हाताळतो त्यांच्यातल्या एकीचंच उदाहरण घेऊ. डायइथाइल ईथर. बीएस्सीच्या ऑरगॅनिक प्रॅक्टिकलमध्ये सोल्युबिलिटी बघायला, मिश्रणातले घटक वेगळे करायला, सेपरेटिंग फनेलमध्ये एक्स्ट्रॅक्शन करायला ते लागतं. गोडसर, डोक्यात जाणारा वास. तळहातावर थेंब पडला तर गार लागतो आणि बघता बघता उडून जातो. हे ‘उडून जाणं’ नीट समजून घेतलं तर पुढचे निम्मे नियम पाठ करायची गरज उरत नाही.

ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतं. आपली प्रॅक्टिकल परीक्षा असते मार्च-एप्रिलमध्ये. नागपूर, अकोला, जळगावला त्या दिवसांत दुपारचा पारा चाळिशीला टेकलेला असतो. म्हणजे ज्या तापमानाला आपण ‘काय उकडतंय’ म्हणून जर्नलने वारा घेतो, त्या तापमानाला बाटलीतलं ईथर अक्षरशः उकळायला आलेलं असतं. झाकण फिरवल्यावर ‘फस्स’ होतं ते त्यामुळेच. सेपरेटिंग फनेल हलवल्यावर आत दाब तयार होतो तोही त्यामुळेच, आणि म्हणून मध्ये मध्ये कॉक उघडून तो सोडायचा असतो. फनेलची नळी वर आणि तिरकी धरून, आपल्या किंवा समोरच्याच्या तोंडाकडे नाही, बर्नरकडे तर नाहीच नाही.

आता फ्लॅश पॉइंट. हा शब्द लेबलवर असतो, जर्नलच्या छापील पानावर असतो, आणि आपल्यापैकी फार थोड्यांना त्याचा अर्थ सांगता येतो. ज्या किमान तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावर एवढी वाफ जमते, की ठिणगी मिळाली तर भडका उडेल, तो फ्लॅश पॉइंट. ईथरचा आहे उणे ४५ अंश सेल्सिअस. घरच्या फ्रीजचा फ्रीझर उणे १८ च्या आसपास असतो. म्हणजे ईथर फ्रीझरमध्ये ठेवलं तरी ते पेट घ्यायला तयारच. उलट साध्या घरगुती फ्रीजमध्ये थर्मोस्टॅट असतो, दार उघडलं की दिवा लावणारं बटण असतं, आणि यातलं काहीही बारीकशी ठिणगी देऊ शकतं. बंद पेटी, आत साचलेली वाफ आणि ठिणगी. अशा फ्रीजचे स्फोट जगभरातल्या लॅबमध्ये झालेले आहेत. म्हणून सॉल्व्हंट ठेवायचे फ्रीज वेगळे, आत ठिणगी न पडणारे असे बनवलेले मिळतात. आपल्याकडे लॅबच्या कोपऱ्यातला, बहुतेक कुणाच्या तरी घरून आलेला जुना फ्रीज दिसला, तर त्यात काय ठेवलंय याची चौकशी करायला हरकत नाही. (डबे ठेवलेले असतील तर तो वेगळाच लेख होईल.)

वाफेकडे वळू. ईथरचं रेणुभार ७४, हवेचं सरासरी २९. भागाकार करा, २.६ येतं. ईथरची वाफ हवेच्या अडीच पटींहून जड असते. ती वर जात नाही. टेबलावर पसरते, कडेवरून खाली उतरते, फरशीवरून सरकत जाते. आपलं नाक पाच फुटांवर, ती घोट्याशी. छताजवळच्या एक्झॉस्ट फॅनला तिचा पत्ताही लागत नाही. ती कुठेतरी जळत्या बर्नरला भेटली की तिथून ज्वाळा वाफेच्या वाटेने उलटी बाटलीपर्यंत धावत येते.

थोडं गणित करू, हे आपल्याला जमतं. समजा १० मिली ईथर सांडलं. घनता ०.७१, म्हणजे सात ग्रॅमच्या जरा वर, म्हणजे जवळपास ०.१ मोल. खोलीच्या तापमानाला त्याची साधारण सव्वादोन लिटर वाफ होईल. हवेत ईथरची वाफ १.९ टक्के असली तरी पेट घेते. म्हणजे त्या १० मिलीमुळे सुमारे सव्वाशे लिटर हवा पेटण्याजोगी होऊ शकते. मोठं पाण्याचं पिंप अर्ध्याहून जास्त भरेल एवढी. आणि सांडलं किती होतं? दोन चमचे.

वरची मर्यादाही बघा. पेट्रोलची वाफ हवेत साडेसात टक्क्यांच्या पुढे गेली की मिश्रण पेटायला ‘जास्तच दाट’ होतं. ईथरच्या बाबतीत ती हद्द ३६ टक्क्यांपर्यंत ताणलेली आहे. म्हणजे बहुतेक कुठलंही प्रमाण धोक्याचंच. त्यात ज्वाळाच लागते असंही नाही. ईथर १६० ते १८० अंशांच्या तप्त पृष्ठभागावर आपोआप पेटतं. पेट्रोलला त्यासाठी अडीचशेच्या आसपास जावं लागतं, अॅसिटोनला साडेचारशेच्या पुढे. हॉट प्लेटची तबकडी दीडशे-पावणेदोनशे अंश सहज गाठते, आणि ती लाल दिसत नाही. ‘सर, बर्नर बंद आहे’ हे ईथरच्या बाबतीत पुरेसं उत्तर नाही.

आता आपली खरीखुरी लॅब डोळ्यांसमोर आणा. एका बॅचमध्ये वीसएक जण. ऑरगॅनिक स्पॉटिंग चालू आहे. प्रत्येकाचा कंपाउंड वेगळा, प्रत्येकाचा वेग वेगळा. या टेबलावर एक जण ईथरमध्ये सोल्युबिलिटी बघतोय, बाटलीचं झाकण उघडंच, कारण ‘अजून दोघांना लागणारे’. शेजारच्या टेबलावर सोडियम फ्यूजन चालू. बर्नरवर फ्यूजन ट्यूब लालबुंद, ती पाण्यात बुडवली की फट्टकन आवाज, कधी पिवळी ठिणगी. सगळे हसतात. मला ही मांडणीच चुकीची वाटते. दोघांपैकी कुणीही नियम मोडलेला नाही. दोघंही जर्नलमध्ये लिहिल्याप्रमाणेच करताहेत. चूक वेळापत्रकात आहे. ज्या दिवशी ईथर उघडायचं, त्या दिवशी त्या खोलीत एकही ज्वाळा नको, हे ठरवायला ना निधी लागतो, ना नवीन इमारत. एका टेबलाने वीस मिनिटं थांबायचं असतं. आणि ईथर उडवून घालवायचंच असेल तर पाणी दुसरीकडे तापवून आणायचं, बर्नर विझवायचा, मग त्या गरम पाण्यात भांडं ठेवायचं, फ्यूम हूडखाली. हूड म्हणजे रिकाम्या बाटल्या ठेवायचं कपाट नव्हे, हेही जाता जाता.

अॅसिटोनबद्दल आपण जरा जास्तच बिनधास्त असतो, कारण ते नेलपेंट रिमूव्हरमध्ये असतं. त्याचा फ्लॅश पॉइंट उणे २० च्या आसपास. भांडी लवकर सुकावीत म्हणून अॅसिटोनने खंगाळायची आणि तशीच ओली ओव्हनमध्ये सारायची, ही घाईतली युक्ती सीनिअर ज्युनिअरला शिकवतात आणि ज्युनिअर पुढच्या ज्युनिअरला. बंद ओव्हन, तापलेली कॉइल, अॅसिटोनची वाफ. अॅसिटोनने धुतलेलं भांडं हवेवर सुकतंच हो, दोन मिनिटांत. त्यासाठीच तर अॅसिटोन वापरलं.

हे सगळं आपल्याला कुणी का सांगत नाही? सांगत नाही असं नाही, छापील पान असतं. पण व्हायवात काय विचारतात? मेकॅनिझम, नाव देणारी रिअॅक्शन, शास्त्रज्ञाचं नाव. ‘या बाटलीचा फ्लॅश पॉइंट किती आणि म्हणून तू काय केलंस?’ हा प्रश्न दोन मार्कांना ठेवून बघा. महिनाभरात अख्ख्या महाराष्ट्राला पाठ होईल, झेरॉक्सच्या दुकानात ‘व्हीआयएमपी’ म्हणून मिळेल. आपण मार्कांसाठी शिकतो यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मार्क कशाला ठेवायचे एवढंच ठरवायचं आहे.

दुसरं कारण जरा अवघड आहे. घाबरणं म्हणजे कच्चं असणं, असा एक समज लॅबमध्ये फिरत असतो. तोंडाने पिपेट ओढणारा सीनिअर भारी. गॉगल लावणारा ‘सायंटिस्ट’ म्हणून टिंगलीचा विषय. मुलींना केस बांधायला सांगतात, खांद्यापर्यंत केस ठेवणाऱ्या मुलांना कुणी काही बोलत नाही. जणू ज्वाळा आधी नाव विचारते.

२९ डिसेंबर २००८ ला अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात शेरी सांगजी नावाची २३ वर्षांची रिसर्च असिस्टंट टर्ट-ब्युटाइल लिथियम सिरिंजने काढत होती. हे रसायन हवा लागताच पेटतं, आणि ते विरघळवलेलं असतं पेंटेनमध्ये. पेंटेन फ्लॅश पॉइंटच्या बाबतीत ईथरचंच भावंड. सिरिंजचा दट्ट्या निसटला, द्रव बाहेर आला, भडका उडाला. तिच्या अंगात लॅब कोट नव्हता. सिंथेटिक स्वेटर होता. तो पेटला. १८ दिवसांनी, १६ जानेवारी २००९ ला, ती गेली. काही महिने आधीच त्या लॅबची सेफ्टी तपासणी झाली होती आणि लोक लॅब कोट घालत नाहीत अशी नोंदही झाली होती. पुढे विद्यापीठावर आणि तिच्या प्रोफेसरांवर फौजदारी आरोप ठेवले गेले. लॅबमधल्या अपघाताबद्दल प्रोफेसरवर असा खटला, हे तिथेही पहिल्यांदाच घडत होतं. शेवटी २०१२ मध्ये विद्यापीठाशी आणि २०१४ मध्ये प्रोफेसरांशी तडजोड झाली, तुरुंगात कुणी गेलं नाही. ते योग्य की अयोग्य यावर आजही वाद होतो. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: ‘ती निष्काळजी होती’ एवढ्यावर प्रकरण मिटवू दिलं गेलं नाही. तिला शिकवलं कुणी, कोट दिला होता का, नोंद झाल्यावर काय केलं, हे प्रश्न संस्थेला विचारले गेले.

बरोबर एक वर्षाने, २९ डिसेंबर २००९ ला, मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या केमिस्ट्रीच्या एका लॅबमध्ये आग लागली आणि दोन तरुण संशोधक गेले. आपल्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठे, बस्स. आपल्या बॅचमधल्या कितीजणांनी ही घटना ऐकली आहे?

आता एक युक्तिवाद नेहमी येतो: मग ईथर काढूनच टाका ना सिलॅबसमधून. व्हर्च्युअल लॅब आहे, माऊसने फनेल हलवा. अर्धं मला पटतं. जिथे ईथरऐवजी इथाइल अॅसिटेट चालतं तिथे ते वापरावं. तेही ज्वलनशीलच, पण फ्लॅश पॉइंट उणे ४, उत्कलनबिंदू ७७, बरंच सुसह्य. जिथे ५० मिली लागतं तिथे मायक्रोस्केलवर ५ मिलीत काम होतं. याला विरोध करायचं कारण नाही. पण उरलेलं अर्धं पटत नाही. केमिस्ट्रीतून पास झालेले आपल्यातले पुष्कळजण कुठे जातात? तारापूर, लोटे, महाड, पाताळगंगा, डोंबिवली. क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये, प्रॉडक्शनला शिफ्टमध्ये. तिथे सॉल्व्हंट बाटलीत नसतं, ड्रममध्ये असतं, टँकरने येतं. स्क्रीनवर फनेल हलवलेला मुलगा पहिल्यांदा खरा वास घेणार तो तिथे? त्यापेक्षा इथे, सर दहा फुटांवर असताना, २० मिलीवर शिकलेलं परवडलं. व्हर्च्युअल लॅबमध्ये काहीच जळत नाही, हाच तिचा गुण आणि हीच तिची अडचण.

सायन्स डेचे प्रयोग हा याचाच पुढचा भाग. २८ फेब्रुवारीला आपल्याला काहीतरी ‘पेटवून दाखवायचं’ असतं. वेगवेगळे क्षार मिथेनॉलमध्ये टाकून रंगीत ज्वाळा दाखवण्याचा प्रयोग त्यात फार लाडका. ज्वाळा विझत आली म्हणून कुणीतरी मोठ्या बाटलीतून अजून मिथेनॉल ओततं, आणि आग धारेवरून बाटलीत शिरून फवाऱ्यासारखी समोर बसलेल्यांच्या अंगावर येते. अमेरिकेत ओहायोतल्या एका शाळेत २००६ मध्ये, न्यूयॉर्कमधल्या एका शाळेत २०१४ मध्ये विद्यार्थी असेच गंभीर भाजले. तिथल्या अपघात तपास करणाऱ्या सरकारी संस्थेने पहिल्या घटनेवर व्हिडिओ काढून हा प्रयोग अशा पद्धतीने करू नका, असं सांगितलं होतं. दुसरी घटना त्यानंतर घडली. क्षाराच्या द्रावणात भिजवलेली काडी बर्नरवर धरली तरी तेच रंग दिसतात. फक्त टाळ्या थोड्या कमी पडतात.

लागलीच आग तर? ईथर पाण्यापेक्षा हलकं, पाण्यावर तरंगतं. पाणी ओतलं की जळतं ईथर टेबलभर पसरतं. बीकरमध्ये पेटलं असेल तर वर वॉच ग्लास किंवा दुसरं भांडं उपडं ठेवायचं, हवा तुटली की विझतं. टेबलावर पसरलं असेल तर वाळू, कार्बन डायऑक्साइडचं किंवा ड्राय पावडरचं एक्स्टिंग्विशर. कपडे पेटले तर मात्र पाणीच. शॉवर असेल तर त्याखाली, नसेल तर जमिनीवर पडून लोळायचं. धावायचं नाही, धावलं की वारा मिळतो. भाजलेल्या जागी वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फ नाही. आणि वाळूच्या लाल बादलीत विड्या, काड्या, चॉकलेटचे कागद नकोत, एवढं तरी आपल्या हातात आहे.

या सगळ्यात सर्वांत जास्त वेळ बाटल्यांशी असतो तो लॅब अटेंडंटचा. आपण ज्यांना मामा म्हणतो ते. मोठ्या कॅनमधून छोट्या बाटल्यांत सॉल्व्हंट भरणारे, आपण सिंकमध्ये ओतलेलं निस्तरणारे, बॅच गेल्यावर शेवटचा बर्नर बंद झालाय का बघणारे. लेबल इंग्रजीत, सेफ्टी डेटा शीट इंग्रजीत, ट्रेनिंग झालं असेल तर प्राध्यापकांचं. प्रत्येक सॉल्व्हंटचं एक पान मराठीत करून बाटलीच्या कपाटावर चिकटवायचं काम एसवायचे चार जण एका रविवारी करू शकतात. एनएसएसच्या तासांत मोजायलाही हरकत नसावी.

आणि ते कपाट उघडाल तेव्हा एक गोष्ट लक्षात असू द्या. ईथर जुनं झालं की निराळंच काहीतरी होतं. हवा आणि उजेड यांच्यामुळे त्यात हळूहळू पेरॉक्साइड तयार होतात. ते ईथरसारखे उडून जात नाहीत, मागे साठत राहतात, आणि कोरडे झाले की धक्क्याने, घर्षणाने स्फोट करू शकतात. म्हणून ईथर तपकिरी बाटलीत येतं, त्यात पेरॉक्साइड रोखणारं द्रव्य मिसळलेलं असतं, आणि म्हणूनच ईथर कधीही पार कोरडं होईपर्यंत डिस्टिल करायचं नसतं. तपासणी अगदी आपल्या आवाक्यातली. थोड्या ईथरमध्ये अॅसेटिक अॅसिडमधलं पोटॅशियम आयोडाइड घालायचं. पिवळा-तपकिरी रंग आला तर पेरॉक्साइड आहेत. आयोडाइडचं आयोडीन झालं, इतकंच. बारावीची रिअॅक्शन. पण ही तपासणी बाटली धडधाकट असेल आणि सर सोबत असतील तरच. बाटली उघडली ती तारीख मार्करने लेबलवर लिहिण्याची सवय असेल तर ही वेळच सहसा येत नाही.

मागच्या रांगेत, तारीख पुसलेली, झाकणाभोवती पांढरे खडे दिसणारी बाटली सापडली, तर तिला हलवू नका, झाकण तर मुळीच फिरवू नका. कपाट हळू लोटून घ्या आणि लगेच सरांना किंवा मॅडमना सांगा. ‘बघू नंतर’ असं उत्तर आलं, तर त्याच दिवशी एचओडींना लेखी अर्ज द्या, खाली बॅचमधल्या सगळ्यांच्या सह्या घ्या आणि पोचपावती मागून घ्या.